निवळोबाचा संसार

मी अकरा वर्षांची असताना एक देव तयार केला, आणि तो चालला. एका उन्हाळ्यापुरता का होईना, आमच्या अख्ख्या आळीत चालला. त्याआधी आमच्या गावात कुणी स्वतःचा देव केल्याचं ऐकिवात नाही, नंतरही नाही, तेव्हा तो मान माझ्या एकटीचा. माझा नातू पुण्याला संगणकावरचे खेळ तयार करण्याच्या नोकरीत आहे. परवा मोठ्या कौतुकानं सांगत होता, "आज्जी, आमच्या नव्या गेममध्ये जग निर्माण करणारा एक देव आहे, त्याला बायको आहे, मुलं आहेत, प्रत्येकाची पॉवर वेगळी." त्यासाठी म्हणे एक खोली भरून माणसं कामाला लावलीत. मी म्हणाले, "बाळा, मी हे कुरडया राखता राखता केलं होतं." त्याला त्या कामाचा पगार मिळतो. मला थोबाडीत मिळाली. लहानपणी मी मार पुष्कळ खाल्ला, आणि त्यातला बहुतेक वाजवीच होता, पण ज्याची मिरवणूक काढावी असा मार तो एकच. म्हणून तो इथं सविस्तर लिहून ठेवते.

आमचं गाव पालीच्या अलीकडं, बीडच्या रस्त्याला लागून. पुढं अप्पांचं किराणा दुकान, मागं घर, आणि दोन्हींवर मिळून एकच सपाट मातीचं माळवद. अप्पा म्हणजे माझे वडील. पहाटे अंघोळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि मग ते दुकानाच्या गादीवर जे बसायचे ते दुपारच्या भाकरीलाच उठायचे. मधल्या वेळात त्यांची फक्त बोटं हलायची. "गिरजे, मिरचीचं पोतं सोड." "शिवा, तराजू पूस." "अगं, पाणी दे." गूळ, रॉकेल, नारळाचा काथ्या आणि खारीक यांच्या मिळून झालेल्या त्या वासाच्या मधोमध अप्पा बसलेले, आणि आई, मी, माझा धाकटा भाऊ शिवा त्यांच्याभोवती गरगर फिरतोय. गिऱ्हाईक म्हणायचं, "अप्पा, लई पसारा संभाळता तुमी!" आणि अप्पा डोळे मिटून मान डोलवायचे. आमच्या घरात देव एकच, आणि तो ज्याच्या त्याच्या गळ्यात. बाकी कुणापुढं हात जोडायचे नाहीत, नवस बोलायचे नाहीत, दोरे बांधायचे नाहीत. असल्या घरात मी नवा देव काढला, यावरून मी काय मुलगी होते ते कळेल. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत असे. आता इतक्या वर्षांनी शांत डोक्यानं विचार केला तर वाटतं, हुशार नव्हते, फक्त तोंडाळ होते. पण तोंडाळपणाही सगळ्यांना जमतो असं नाही.

उन्हाळा लागला की आळीतल्या बायका मिळून कुरडयांचं काम काढत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. तीन दिवस गहू भिजत पडायचे, रोज त्यांचं पाणी बदलायचं. मग वाटण, मग फडक्यातून गाळणं, आणि तो पांढरा चीक पितळी घंगाळात रात्रभर ठेवायचा. त्या घंगाळाजवळ आम्हाला फिरकू देत नसत. धक्का लागला की सगळं परत गढूळ. सकाळी बघावं तर खाली चीक दह्यासारखा घट्ट बसलेला आणि वर स्वच्छ पाणी. त्याला निवळ म्हणायचं. ती निवळ हलक्या हातानं ओतून द्यायची, आणि मग आई मोठ्या पातेल्यात आधण ठेवून चीक हाटायला घ्यायची. दोन्ही हातांनी लाकडी हाटा धरून ती अशी काही ढवळायची की तिच्या बांगड्या, पातेलं आणि चुलीतला जाळ यांचा मिळून एकच आवाज व्हायचा. गुठळी झाली तर वर्षभर नाव निघणार. शिजलेल्या चिकाचा पहिला गोळा आम्हा पोरांना ताटलीत मिळायचा, मध्ये खळगा करून त्यात गोडं तेल आणि वर तिखट. जीभ भाजायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि तरी दुसऱ्या गोळ्यासाठी भांडणं. हल्ली माझी सून कुरडयांचं पाकीट आणते. बऱ्या असतात. चीक मात्र पाकिटात मिळत नाही.

सोऱ्यातून कुरडया घालून झाल्या की आमचं काम सुरू. माळवदावर धोतरं पसरलेली, त्यांवर रांगेनं पांढरी चक्रं, आणि कावळ्यांना हाकलायला आम्ही आठ-दहा पोरं. म्होरकी अर्थात मी. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा. आता खरं सांगायचं तर कुरडयांना कावळ्यांचा धोका कमी आणि राखणदारांचा जास्त. अर्धवट वाळलेली कुरडई चघळायला फार चांगली लागते. सगळ्यांची तोंडं बंद ठेवायला, म्हणजे खाण्यापासून, त्यांना कशात तरी गुंतवणं भाग होतं. एके दुपारी शिवानं विचारलं, "अक्का, हे सगळं कुनी केलं?" त्याचा हात समोरच्या डोंगराकडं होता, आणि माझं डोकं चिकात. मी म्हणाले, "निवळोबानं."

मग काय, निघालाच तो. आधी सगळीकडं गढूळ पाणी होतं. वर नाही, खाली नाही, बीड नाही, पाली नाही. त्याच्या काठावर निवळोबा येऊन बसला. तीन दिवस तो हललाच नाही. त्याच्या बसण्यानं पाण्यातली गढूळता हळूहळू खाली उतरली, ती झाली जमीन. वर राहिली ती निवळ, म्हणजे आभाळ. झालं जग. एका पोरानं शंका काढली, "नुस्तं बसून?" मी म्हणाले, "मोठी मानसं बसूनच करत असत्यात." मग त्याची बायको हाटाई. तिनं ती जमीन विस्तवावर घेऊन हाटली, म्हणून डोंगर झाले. जिथं गुठळ्या राहिल्या ते खडक. आमच्याकडं खडक फार, त्याचं कारण तेव्हा निवळोबानं तिला मध्येच पाणी मागितलं होतं. त्यांचा मुलगा पिळोबा. तो सोऱ्यात घालून माणसं पाडायचा, पण त्याचं लक्ष नसायचं, म्हणून कुणाचं नाक लांब, कुणाचे पाय वाकडे. आणि थोरली मुलगी राखणाई, पाडलेली माणसं वाळेपर्यंत त्यांना कावळ्यापासून राखणारी. राखणाई सगळ्यांत देखणी, सगळ्यांत शहाणी, तिच्या शब्दाबाहेर देवसुद्धा नव्हता. तिला मी गुडघ्यापर्यंत केस दिले. माझे तेव्हा उवांपायी कानाच्या वर कापलेले होते.

माळवदाला स्वयंपाकघरात उजेड पडावा म्हणून एक भोक ठेवलेलं होतं. वर बोललेलं सगळं त्यातून थेट चुलीपाशी पडायचं, हे त्या जगनिर्मातीच्या लक्षात आलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी निवळोबा कसा बसल्या जागेवरून हाटाईला तांब्या मागतो याचं सोंग करत होते, आणि खालून बायकांच्या हसण्याचा असा काही लोट आला की कावळे उडाले. आईचं हसणं त्यात सगळ्यांच्या वर. "अगं बाई, हे तर हुबेहूब आमचंच ध्यान!" ती म्हणत होती आणि पदर तोंडात कोंबत होती. मी वाकून भोकातून पाहिलं. सगळ्या हसत होत्या, एक सोडून. शेजारची काशीमावशी हातातला सोऱ्या तसाच धरून वर बघत होती. तिचा नवरा माजलगावकडं कारखान्याच्या ट्रॅक्टरवर असायचा. पदरात तीन वर्षांची ठकू. ठकूच्या आधीचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला होता.

"गिरजे," ती खालून म्हणाली, "मग मानसं मरत्यात ती कावून?"

माझ्याकडं उत्तर तयारच असायचं. "कावळा न्हेतो."

"आन् राखणाई काय करती तवा? तिचा डोळा लागत आसंल."

मला इतका राग आला! माझ्या राखणाईला बोल? "न्हाई," मी ठणकावलं, "ती जागीच असती. कावळा दांडगा होता." काशीमावशीनं मान हलवली आणि सोऱ्या फिरवायला घेतला. ती कशाबद्दल विचारत होती हे कळायला मला पुढं किती दिवस लागले! जग घडवण्याची अक्कल होती, समोरच्या बाईचं तोंड वाचण्याची नव्हती.

पण त्या दिवसापासून निवळोबा खाली उतरला. बायका काम करता करता त्याच्याच गोष्टी करायला लागल्या. कुणाचं दूध नासलं तर "निवळोबाला धक्का लागला", कुणाचा नवरा दिवसभर ओट्यावर बसला तर "जग करायला बसलाय". सगळं थट्टेत. काशीमावशीची मात्र थट्टा नव्हती. तिनं तिच्या दाराशी एक वाटी पाणी भरून ठेवायला सुरुवात केली आणि त्या वाटीला कुणाला पाय लागू देईना. मी ते पाहिलं आणि मला काय वाटलं? भीती? छे. मी रोज त्या दारावरून उगाच दोन चकरा मारायची. माझ्या देवाची वाटी!

वैशाखाच्या मध्यावर ठकूला हगवण लागली. पहिल्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही, उन्हाळ्यात पोरांचं होतंच. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आई तिच्याकडं गेली, मी मागोमाग. काशीमावशी भिंतीला टेकून, मांडीवर ठकूला घेऊन बसली होती. समोर ती वाटी. घरात चूल नव्हती पेटलेली.

"काशे, ऊठ," आई म्हणाली. "बीडला दवाखान्यात न्हे तिला. मी येते संगं."

"हलवायचं न्हाई तिला," काशीमावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "तीन दिवस बसायचं. निवळतंय सगळं. त्यानं तसंच केलंय."

"अगं, कुनी केलंय? ती पोरांची गोष्ट हाय!"

"वैनी, मागल्या खेपेला तुमीच म्हनलावता, दवाखान्यात न्हे. न्हेलं म्या. परत काय आनलं? रिकामी झोळी आनली." तिनं ठकूच्या कपाळावरचे केस सारखे केले. "आता मी उठत न्हाई."

माझी आई, जिचं तोंड बंद पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, ती उंबऱ्यात नुसती उभी राहिली. मी ठकूकडं पाहिलं. डोळे आत गेलेले, ओठ वाळून पापुद्रे आलेले. तिच्या खालच्या ओठावर एक माशी बसली होती. ती माशी ओठावरून नाकाकडं चालत गेली आणि ठकूनं मानसुद्धा हलवली नाही. हे माझ्या गोष्टीनं चाललं होतं. बसून राहणारा देव मीच काढला होता, तोही अप्पांची टिंगल करायला.

मी पुढं होऊन एका दमात सांगून टाकलं. "मावशी, निवळोबा न्हाईच. मीच केलाय त्याला. अप्पांवरून केलाय. हाटाई म्हंजी आई. सगळं खोटं हाय."

तिनं बसल्या जागेवरून हात फिरवला आणि माझ्या डाव्या गालावर अशी लगावली की कानात घुंगरं वाजली. "देवाचं खोटं म्हनतीस? माझं लेकरू त्याच्या वट्यात घातलंय म्या, आन् आता तू त्याला न्हाई म्हनतीस?"

आयुष्यात पहिल्यांदा मी अंगावर बेतेल असं खरं बोलले होते, आणि त्याचा हा प्रसाद. गाल धरून तिथंच बसले. रडायचंही सुचेना. ठकूच्या ओठावरची माशी मी हातानं उडवली, ती परत बसली, मी परत उडवली. आणि तसं करता करता माझं तोंड आपोआप सुरू झालं.

"मावशी, पुढचं तुला सांगितलंच न्हाई मी."

तिनं नको म्हटलं नाही.

"तिसऱ्या दिशी पानी निवळलं. पार तळ दिसाया लागला. तरी निवळोबा बसलेलाच. म्हनला, अजून बसू दे जरा. मग हाटाई आली. तिनं वाकून घंगाळाला नाक लावलं." मी थांबले. "मावशी, निवळ पडल्यावर कुनी तसंच ठेवतं का चीक?"

काशीमावशी वाटीकडं बघत हळूच म्हणाली, "ठेवलं तर आंबतंय."

"हाटाई तेच म्हनली. म्हनली, अवो, बसवायचं ते उचलाया बसवायचं. आता उठा, न्हाईतर सगळं जग उकिरड्यावर जाईल. तर निवळोबा म्हनला..." इथं मला खरोखर ठाऊक नव्हतं तो काय म्हणाला. आजवर मी त्याला एक तांब्या मागण्यापलीकडं बोलूच दिलं नव्हतं. "निवळोबा म्हनला, मला भ्या वाटतंय. आदी एकदा हाटलं तवा सगळं करपलं. आता परत तसंच झालं तर मी काय करू?"

काशीमावशीचा चेहरा वर आला. "मग? काय म्हनली ती?"

"म्हनली, मी हाय की संगं. चला."

काशीमावशीनं ठकूला खांद्यावर घेतलं आणि ती उठली. कालपासून एका जागी बसून तिचे पाय आखडले होते, ती कोलमडली, आईनं तिला कमरेला धरलं. आई उंबऱ्यातूनच ओरडली, "अवो, गाडी! बीडची गाडी थांबवा!" आणि मग आमच्या गावानं असं दृश्य पाहिलं की लोक पुढं वर्षभर त्याची गोष्ट करत होते: माझे अप्पा गादीवरून उठले, अनवाणी रस्त्यावर गेले, आणि येणाऱ्या एसटीपुढं दोन्ही हात पसरून मधोमध उभे राहिले. ड्रायव्हरनं शिवी हासडली. अप्पांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि दार उघडायला लावलं. काशीमावशी पायरीवर चढली, वळली आणि आईला म्हणाली, "वैनी, तुमी ऱ्हावा. गिरजीला यिऊ द्या." आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मला पाठीमागून वर ढकललं.

दवाखान्यात नर्सबाईनं काशीमावशीला आधी मनसोक्त झापलं आणि मग ठकूच्या हाताला सलाईन लावलं. आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना. त्या बाटलीतला थेंब पडायचा, मग दुसरा जमायला लागायचा, आणि तो पडेपर्यंत श्वास घ्यावा की नाही ते कळत नव्हतं. दुपार उलटली. काशीमावशीनं खालच्या आवाजात विचारलं, "गिरजे, आता काय म्हनती हाटाई?"

मी डोकं खूप खाजवलं. माझं ते नावाजलेलं तोंड, त्यातून काहीच निघेना. "मला ठावं न्हाई, मावशी," मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि खाटेवरून हात पुढं करून माझा हात धरला. तिचा हात थंडगार होता. मग आम्ही दोघी थेंबांकडं बघत बसलो. त्या दिवशी बसून राहणं किती अवघड काम आहे ते मला कळलं, आणि अप्पांची मी केलेली थट्टा थोडीशी परत घ्यावीशी वाटली. थोडीशीच.

उन्हं कलायला लागली तेव्हा काशीमावशीनं ठकूला मांडीवर घेतलं, आणि ठकू तिच्या लुगड्यावर मुतली. दिवसभरात पहिल्यांदा. नर्सबाई, ज्या सकाळपासून आमच्यावर डाफरत होत्या, त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "मुतली गं बाई, सुटली!" लेकराच्या मुतण्याचा एवढा सोहळा मी पुढं माझ्या स्वतःच्या पोरांच्या वेळीही केला नाही. ठकूनं डोळे उघडले आणि बारीक आवाजात पाणी मागितलं. डॉक्टर आले. तिचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, आणि म्हणाले, "बाई, आजची रात्र काढली असतीत तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. आणायला कुणी सांगितलं हिला?"

मला वाटलं, झालं, आता निघणार हाटाईचं नाव. डॉक्टरांसमोर तरी हसू आवरायचं असं ठरवून मी मान खाली घातली. काशीमावशी ओल्या लुगड्याचा पिळा काढत होती. तिनं माझ्याकडं बोट केलं.

"ह्या पोरीनं," ती म्हणाली. "लई चांगलं खोटं बोलती."

डॉक्टर हसले, नर्सबाई हसल्या, आणि माझी खाली घातलेली मान जी वर आली ती आलीच. आता मानेचा डॉक्टर म्हणतो, आजी, तुमचे मणके झिजलेत, म्हणून मान वाकत नाही. म्हणू दे बापड्याला. तो तेव्हा तिथं नव्हता.